फोटोपुरती मांडीवर

१० मे २००३, शनिवार. गोरेगाव, जि. हिंगोली

रातभर डोळा लागला न्हाई. उद्या जीप येणार, चिखलदऱ्याला जायचं, नणंदेकडं. तीन दिस. नणंद म्हंजे अक्का तिथंच ऱ्हाते, तिचे मालक, भावजी, तिथं नोकरीला हायेत. लग्नापासून कुठं फिरायला गेले न्हाई, खुशी व्हायला पायजे. पर काल सासूबाईनं माझ्या पोरीची, राणीची पिशवी भरली. तीन दिसाला समदे कपडे. दिवाळीचा झगा बी, टोपरं बी. इतके काहून म्हणलं, त म्हणल्या, डोंगरावर गार असते, तुला काय म्हाईत.

मंग पेटीत पाह्यलं. राणीचं लशीच्या डोसाचं कार्ड न्हाई. मी सोता ठेवलं होतं. ह्यांना इचारलं, त कूस बदलून झोपले.

राणीला तीन वर्ष होतील आता. पोटातल्याला पाचवा म्हैना.

मनात येऊन राहिलं ते लिवत न्हाई.

११ मे, रविवार. चिखलदरा

पोचलो. सकाळी निघालो त दिवस कलला. रिसोड, अकोला, परतवाडा. राणी सासूबाईच्या मांडीवर, समोरच्या शिटवर. मी मांगं. घाटात मला दोनदा उलटी. गफूरचाचा जीप चालवता चालवता म्हणले, वहिनी, सकाळचं जाऊ द्या बाहेर, आतलं लेकरू तेवढं धरून ठेवा. समदे हसले. मी बी हसले.

परतवाड्याला चहाला थांबलो. यस्टीडी दिसली. म्हणलं दादाला फोन लावते, आखाडा बाळापूरला, पोचतो म्हणून सांगते. सासूबाई म्हणल्या, शिंक आली तरी भावाला कळवते ही. ह्यांनी पैसे दिले न्हाई.

जीप थांबायच्या आधीच अक्का फाटकात उभी. राणीला घेतलं अन् आत गेली. माझ्याकडं पाह्यलं न्हाई.

आत लहान पलंग हाय, कडंनं दांड्याचा. गादीवरचा प्लास्टिकचा कागद बी काढला न्हाई अजून. कोणाचा म्हणलं. भावजी म्हणले, पाहुण्यांच्या लेकरांना लागते.

पाहुणे येतात कुठं त्यांच्याकडं.

१२ मे, सोमवार

फिरायला नेलं. मेच्या म्हैन्यात गार वारं, खरंच. एका जागी खाली पाह्यलं त दरीच दरी, तळ दिसत न्हाई. हे राणीला खांद्यावर घेऊन कठड्यापाशी उभे राहिले. मी ओरडले. चार माणसांत काहून ओरडते म्हणून मलाच बोलले.

राणी अक्काच्या हातानं जेवली. वरण-भात, तूप. घरी मला मांगंमांगं फिरवते, हितं एका जागी बसून. अक्का म्हणली, मला काय म्हणशील? राणी म्हणली, अक्का. "अक्का न्हाई, मम्मी म्हण."

मजाकमधी म्हणली. पर कोणी हसलं न्हाई. समदे माझ्या तोंडाकडं.

अक्काचे तीन वेळा पोटातले गेले. दुसऱ्या वेळी मी होते जवळ, पाय चेपले तिचे रातदिस. वाईट न्हाई ती. वाईट असती त बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

१३ मे, मंगळवार

देवीला गेलो. कपारीत देऊळ हाय, वरून पाणी टपकते. अक्का हिरव्या नव्या लुगड्यात. दर्शन झालं, भावजीनं क्यामेरा काढला. सासूबाई म्हणल्या, अक्का बसंल, राणीला तिच्या मांडीवर ठेव, तू बाजूला उभी ऱ्हा, झ्याक येईल.

मी ठेवली. माझ्याच हातानं.

अक्काच्या पदरात तांदूळ होते, खोबऱ्याची वाटी, खण. मला वाटलं देवीच्या ओटीचं हाय. भावजीनं दोन फोटो काढले. सासूबाईनं अक्काला कुकू लावलं, राणीला लावलं अन् मोठ्यानं म्हणल्या, "झालं. आईनं सोताच्या हातानं ओटीत घातली. पाच माणसं साक्षी हायेत."

मी आधी हसलेच. मंग राणीला घ्यायला वाकले त अक्काचा हात सुटंना.

आमच्याकडं असंच असते. कागद लागत न्हाई. देवासमोर, चार-पाच माणसांत आईनं ओटीत घातलं की लेकरू तिचं. मागता येत न्हाई. आमच्या गल्लीत एकीनं दिलं असंच, जावेला. पर तिला इचारलं होतं. मला कोणी इचारलं?

म्हणलं, मी फोटोसाठी ठेवली होती. सासूबाई म्हणल्या, देवीसमोर दिलेलं कोणी मांगं घेते काय.

गफूरचाचा खाली जीपपाशी होते, त्यांना काय ठाव न्हाई.

त्याच दिशी, सांजंला

घराच्या मांगं ह्यांना धरलं. म्हणलं तुमाला म्हाईत होतं? मंग म्हणले, "लेकरू न्हाई भेटलं त भावजी दुसरी करून राहिलेत. पोरगी बी पाह्यली. अक्का जीव देईल गं."

म्हणलं अन् माझं? म्हणले, तुला दुसरं होऊनच राहिलं की.

रडले. आजलोक रडताना पाह्यले न्हाई ह्यांना. रडले, पर परत आणतो म्हणले न्हाई.

१४ मे, बुधवार, सकाळ

जीप लागली हाय. हारन वाजवून राहिले. राणी त्या पलंगावर निजलेली, मी दांडी धरून बसले. उठत न्हाई. सासूबाई बाहेर म्हणून राहिल्या, बसली न्हाई त उचलून बसवा. पोटाचं बी त्यांना काही न्हाई. अक्का दारात उभी. तोंड भिताडाकडं.

यस्टीडी चौकात हाय पर दार सोडून जाऊ देत न्हाईत, अन् मी गेले त मांगं राणीला कुठं नेतील.

दूधवाली बाई मांगच्या दारानं येते. तिची पोरगी शाळेत जाते म्हणली होती, ती वाचून दाखवंल. ही वही तिच्या पिशवीत टाकते.

बाई, नायतर जे कोणी हे वाचाल ते. माझ्या भावाला फोन करा. माधव, आखाडा बाळापूर, पंक्चरचं दुकान. नंबर शेवटच्या पानावर लिवला हाय, शेजारच्या किराणावाल्याचा, ते बोलवून देतात. त्याला सांगा, मंगलनं राणी दिली न्हाई. फोटोपुरती मांडीवर ठेवली होती. त्याला सांगा गाडी करून ये. आजच लावा फोन, उद्यावर नका