पितळी खटक्याचा कॅमेरा

दोन्ही कॅमेरे एकच होते. आणि हे तुम्हाला ठाऊक होतं, अण्णा. नमस्कार-चमत्कार राहू दे बाजूला, आधी हे ऐका. तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा मध्येच "तू गप गं" म्हणायची सोय आता तुम्हाला नाही. मुलीनं बापाशी असं बोलू नये म्हणाल, तर चौथीतून शाळा सोडवून स्टुडिओत फोटोचे ट्रे धुवायला कुणी बसवलं होतं? जे शिकवलंत तेवढंच येतं.

मी आता हॉलंडमध्ये असते, लेकीकडे. लायडस्खेनडाम-फोरबर्ग असं गावाचं नाव, लिहायलाच अर्धी ओळ जाते. नात एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकते, शनिवारी आगगाडीनं घरी येते. तिला जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. माझा तर तिनं केव्हाच ट्रंकेतून काढून पुसून ठेवलाय. तिला मी सांगत असे, हा माझा साधा, वर कुठल्याशा दुकानाचं नाव असलेला, दुकानाचा माल. असली जपानी होता तो माझ्या दादाचा. लहानपणापासून ऐकलंय तिनं. तर गेल्या महिन्यात युट्रेख्टच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात तिला अगदी दादासारखा कॅमेरा दिसला. घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आजी, सरप्राइज! आता तुझ्याकडे पण असली."

जेवणाच्या टेबलावर तिनं वर्तमानपत्र पसरलं, दोन्ही कॅमेरे पालथे घातले आणि बारक्या स्क्रूड्रायव्हरनं खालचे पत्रे काढले. मी भाजी निवडत होते. मग म्हणाली, "आजी, इकडे ये. हेलेमाल सेम." हेलेमाल म्हणजे पुरतं, संपूर्ण. चाक तेच, स्प्रिंगा त्याच, आतल्या ओतीव भागावरचा नंबरसुद्धा तोच. "जपानातली फॅक्टरी एकच असायची, आजी. जर्मनीचं मोठं दुकान सांगायचं, वर आमचं नाव घाला. ते घालून द्यायचे. नावाची पट्टी वेगळी, बाकी काही नाही." मी म्हटलं, नीट बघ. ती म्हणाली, "बघितलं. आणि हे काय आहे? हे कोणी केलं?" तिचं बोट माझ्या कॅमेऱ्याच्या खटक्यावर होतं. रोल पुढे ओढायचा खटका. पितळी, डाग दिलेला, कानशीनं घासलेला. तुमच्या हातचा.

आठवतं का? मला आठवतं. एका गिऱ्हाइकाकडच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार आहे. दादानं त्याचा कॅमेरा जिन्यावर पाडलाय, खटका तुटलाय. तुम्ही डोळ्याला भिंग लावून बसलात, पुढे स्क्रूंची बशी. मला न विचारता माझा कॅमेरा उचललात, त्याचा खटका काढलात आणि दादाच्या कॅमेऱ्याला लावलात. खट्कन बसला. घासावा लागला नाही, ठोकावा लागला नाही. मी मोरीत ट्रे धुतेय. मी विचारलं, "अण्णा, ह्याचा त्याला बसतो होय?" तुम्ही मान वर केली नाहीत. "वरचं सगळ्यांचं सारखंच असतं. फरक आत असतो. ट्रे धू." आत! दोन्ही कॅमेरे तुम्ही दहादा उघडले होते. जहाजावरच्या गिऱ्हाइकाकडून घेतलेत त्याच दिवशी उघडलेत. आत काय आहे ते अख्ख्या गावात एकट्या तुम्हाला माहीत होतं.

मला मग तो पितळेचा तुकडा लावून दिलात. त्याची धार कधी गेली नाही. अंगठ्याला कापून कापून घट्टा पडला. इथे कागदपत्रांसाठी बोटांचे ठसे द्यायला गेले, तर काउंटरवरच्या पोरीनं तीनदा यंत्राची काच पुसली. तिला वाटलं, काच खराब आहे.

माझ्या कॅमेऱ्याच्या नावावर काळी चिकटपट्टी लावायचात. म्हणायचात, लग्नघरात कुणी वाचलं तर आपली अब्रू जाईल. हळदीला, ओटी भरायला, बायकांच्या खोलीत दादाला कुणी शिरू देत नव्हतं म्हणून मी जायचे. फोटो धुऊन झाले की मागे शिक्का दादाच्या नावाचा. एकदा नवरीचे मामा अल्बम न्यायला आले. नवरीच्या पायाला हळद लावता लावता तिची आजी वर बघते, तो फोटो त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. "वा! ह्याला म्हणतात फोटो." आणि तुम्ही काय बोललात? "असली जपानी आहे साहेब. थोरला काढतो." मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी. ते गेल्यावर मी म्हटलं, तो माझा होता. तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक कॅमेरा कोणता ते विचारतं. पोरगी कोणती ते नाही विचारत."

तरी मी मागितलं. मला इथेच राहू द्या, स्टुडिओ मी सांभाळते. तुम्ही म्हणालात, दुकानाच्या मालावर लग्नं घेता येत नाहीत. पुढच्या आठवड्यात बोर्डावर 'अँड सन' रंगवून घेतलंत. माझ्या लग्नात कॅमेरा ट्रंकेत साड्यांवर ठेवलात. "ने, इथे त्याचा उपयोग नाही." आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलंत, त्याच्या फोटोत नवरा-नवरीपेक्षा मांडवाचा खांब ठळक यायचा. पाच वर्षांत स्टुडिओचं झेरॉक्सचं दुकान झालं. अजून दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि सांगतो, माझा असली होता.

नातीनं पुढे काय केलं ऐका. दोन्ही कॅमेऱ्यांत रोल घातले. आम्ही कालव्याकाठी गेलो, कॅमेरे अदलाबदल करून दोघींनी फोटो काढले. बदकं, सायकली, पुलावर हेरिंग मासा खाणारा म्हातारा. धुऊन आले तशी तिनं ते पत्त्यांसारखे पिसले. "सांग आजी, कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा?" चष्मा पुसून पुसून बघितले. एकसुद्धा नाही ओळखता आला. पण कोणता तिनं काढला आणि कोणता मी, ते सगळेच्या सगळे ओळखले. कॅमेरा नाही ओळखू येत, अण्णा, हात ओळखू येतो. आणि तुम्ही तर आमच्या दोघांचे रोल वर्षानुवर्षं तुमच्या हातांनी धुतलेत.

नात म्हणाली, आता ह्याचा खटका काढून तुझ्या कॅमेऱ्याला लावून देते. मी म्हटलं, हात लावायचा नाही. पुरावा आहे तो.

एक गोष्ट मात्र कबूल करते, तेवढी ऐका आणि मग खुशाल रागवा. तो खटका खट्कन बसला, तेव्हाच मला कळलं होतं. मोरीतून मी बघितलं होतं सगळं. पण कॅमेरा साधा आहे, हे मलाही सोयीचं पडलं. लग्न झालं, सासरी कुणी म्हणालं, काढ की फोटो, की मी म्हणायचे, माझा साधा आहे हो, असली असता तर दाखवलं असतं. असं म्हणत म्हणत पन्नास वर्षांत मी एक रोलही घातला नाही. तुम्ही खोटं बोललात आणि मी ते ट्रंकेत जपून ठेवलं. आता 'माझा साधा आहे' म्हणायचीही सोय राहिली नाही, ह्याचाच जास्त राग आलाय.

हे पत्र टाकणार कुठे? इथली पोस्टाची पेटी नारिंगी आहे, तिला तुमचा पत्ता माहीत नाही. कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत घालून ठेवते. नात विचारते, तुझ्या बाबांना माहीत होतं, तर त्यांनी असं का केलं? तुमच्या वतीनं माझी पुष्कळ उत्तरं देऊन झाली, आता देणार नाही. दादाला मध्ये घालायचं नाही, त्याला अजून काही माहीत नाही आणि मी सांगणार नाही. पोरीनं विचारलंय. तिला उत्तर तुम्ही द्यायचं. तुम्हीच.