मधली चौकट

ता. १४ जुलै, दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे.

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही दोन ओळींचं. ‘बाबा, धो धो पाऊस फोटोत दिसतच नाही. काय करू?’ उत्तराला तीन आठवडे लागले, कारण मलाच ते येत नव्हतं. तीस वर्षं स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढणारा माणूस मी, पावसात कॅमेरा कशाला नेतोय! पण बापाने हात टेकले असं तू म्हणायला नको, म्हणून उतरलो अंगणात.

आईला छत्री देऊन उभी केली. पहिल्या दिवशी फ्लॅश मारला आणि जवळचे थेंब उजळून तिच्या तोंडभर पांढरे ठिपके उमटले. “फोटोत कांजिण्या, आणि सर्दी मात्र खरी,” म्हणाली. तेव्हा फ्लॅश बंद.

प्रकाश पावसाच्या पलीकडून, जरासा बाजूने येऊ दे, आणि मागे काहीतरी गडद असू दे. थेंब हवेतच थांबवायचे असतील तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेव. पावसाच्या रेघा हव्या असतील तर साठाव्या भागावर, पण मग कॅमेरा कशावर तरी टेकव. फोकस हाताने लाव, ऑटो भलत्याच थेंबामागे धावतं. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घाल, लेन्सपुरतं भोक पाड आणि रबरबँड लाव.

हे सगळं जमल्यावर काल गल्ल्याखालचा खण उघडला.

दोन वर्षांपूर्वी तू दुकानात आणलेला तो फोटो आठवतो? बसथांबा, दिव्याखाली उभी बाई, पाऊस. चार गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो होतो, “कॅमेरा भिजवलास, आणि वर हा गिचमिडकाला!” फोटो टेबलावर ठेवून तू गेलीस ती गेलीसच. काल तो नीट पाहिला. दिवा पावसाच्या पलीकडे, मागे काळी भिंत, रेघा अगदी स्वच्छ. मला तीन आठवड्यांत जमलं ते तू तेव्हाच करून बसली होतीस.

मग मला विचारलंस कशाला? कारण बोलणं मी तोडलं होतं, आणि मी पहिल्यांदा बोलणार नाही हे तुला ठाऊक होतं. चुकलो, पोरी. फोटो वाईट नव्हता. मला तुझा हेवा वाटला होता.

दुकानाच्या दर्शनी काचेत आजवर फक्त माझेच फोटो लागले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने केलेली माझी सही. मधली मोठी चौकट आज सकाळी रिकामी केली आणि तिथे तुझा पाऊस लावला. दोन माणसं थांबून बघून गेली. आई म्हणाली, “अहो, खाली पोरीचं नाव तरी लिहा.”

नाही लिहिलं. सही ज्याची त्याने करायची असते. पेन्सिलीला टोक काढून ठेवलं आहे.

वाट बघणारा,
तुझा आडमुठा बाबा