भिंतीतला हंसराज

नाकाडोंगरी, ४ ऑगस्ट १९७९

ती. आजीस चंद्रकलाचा शि. सा. न.

आम्ही तिघं खुशाल. नवी खोली मिळाली. भिंती मातीच्या, पण निळीच्या चुन्यानं चकचकीत. बाळाच्या पाळण्यामागे भिंतीला आपोआप एक झाड उगवलंय. काडी केसासारखी काळी, पानं नखाएवढी. पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळतो, पान कोरडंच. उपटलं तरी पुन्हा येतं. हे म्हणतात, बिनखर्चाची सजावट! भिंतीपलीकडे घरमालकांची नहाणी आहे, त्यामुळे गारवा असतो, एवढंच. तुला पाहायला एक मुळासकट पाठवते.

लोभ आहेच, पत्रागणिक वाढू दे.

तुझी चंद्री

पवनी, १२ ऑगस्ट १९७९

चि. सौ. चंद्रकलास कुंताआजीचे अनेक आशीर्वाद. अक्षर शेजारच्या उषाबाईचं, रागावणं माझं.

तुझं पत्र आलं तवा उषाबाई राखीले माहेरी गेली होती. समोरच्या मारोतरावाले दाखवलं, तं त्याचा चष्मा फुटलेला. पाकीट फोडलं, पान हातात आलं. अक्षर मले येत नाही, पण हे पान वाचता येते. हंसराज होय तो. आपल्या विहिरीत आतून लागते, सावलीत, जिथं पाणी झिरपते तिथं. ऊन लागलं की करपते. पण याच्या मुळाले निळसर चुना होता. विहिरीले नीळ कोण लावते, पोरी? तवाच समजलं, हे घरातलं आहे. उषाबाई येईपर्यंत भात घशाखाली उतरला नाही.

तिनं काल वाचलं. पाळण्यामागे! ओल येऊन गेली तं हंसराज येत नाही, ओल मुक्कामाले राहिली तं येते. तुमची भिंत बाहेरून चुना आहे, आतून चिखल. जावई गोपीचंदरावाले म्हण, सजावट पुरे, आधी पाळणा उचला. मी भ्याली म्हणून हसू नको. रात्री पाऊस वाजला की मी इथं उठून बसते अशी गत आहे.

पाळणा तिथून हलवला की पाकिटात बाळाचं काही टाक. वाचणारं असो नसो, मले कळलं पाहिजे.

माया आहेच. ऐकशील तं वाढन.

कुंताआजी

पवनी, २५ ऑगस्ट १९७९

चि. सौ. चंद्रकलास आणि बाळास आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं, आणि उषाबाई नेमकी बाजारात! फोडलं. कागदाच्या घडीत एक काळी, बारीक काडी. पान नाही, फूल नाही. म्हटलं, या येडीनं पुन्हा हंसराजच पाठवला, पाळणा तिथंच आहे. डोळ्याले नीट दिसत नाही. काडी बोटात धरली. हंसराजाची काडी वाकवली की कट्कन तुटते. म्हणून वाकवून पाहाची हिंमत होत नव्हती.

वाकवली. तुटली नाही. बोटाले गुंडाळली गेली, मऊ.

जावळाआधी केस कापला, त्याचा राग वेगळा. पण मी उंबऱ्यात बसून मोठ्यानं हसली. मारोतराव धावत आला, म्हातारी गेली की काय पाहाले.

मग उषाबाई आली. तिनं वाचून सांगितलं, तुम्ही पाळणा ओसरीवर नेला आणि दोन दिवसांनी ती भिंत खोलीत कोसळली. वाचता वाचता तिचाच आवाज कापत होता. मीच तिले पाणी दिलं.

केस देवाजवळ ठेवला. ते पहिलं पान विहिरीत सोडून दिलं. त्याचं घर तेच.

बाळाच्या डोक्यावरून माझ्या नावानं हात फिरव.

कुंताआजी