साइडपट्टी

अकोट,
मंगळवार

प्रिय भावना,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नको, तुझी आई ठणठणीत आहे. आत्ताच तिनं माझ्यापुढं चहा आपटला अन् विचारलं, कोणाले लिहून राहिले. मी म्हटलं, पेन्शनच्या हापिसाले. तू शाळेत मराठी शिकवते, म्हणून जमेल तेवढं शुद्ध लिहितो. एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेला हात आहे, पेन त्याला ऐकत नाही. चुका दिसतील तिथं लाल पेननं गोल कर, पण शेवटपर्यंत वाच. चौदा महिने झाले, तू घरी आली नाही. अमरावती काही दिल्ली नाही, अडीच तासांची बस आहे. दर बुधवारी तू आईला फोन करते, ती स्पीकर चालू ठेवते अन् मी बाजूला बसून ऐकतो. बाबा कसे आहेत, असं तू विचारते. ती म्हणते, आहेत. मग तुम्ही दोघी भाजीपाल्यावर बोलता.

आहे मी, तसाच आहे. खरं सांगायचं तर मला काही वाटतच नाही. आपला अश्विन गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे रडले, मी सतरंज्या झटकून घडी करून ठेवल्या. दोन पोळ्या खातो, पेपर वाचतो, दुपारी झोप लागते. झोप लागते याचीही लाज वाटत नाही. गल्लीत म्हणतात, देवमनराव मोठे खंबीर. खंबीर कसला आलाय. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल होतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसा मी अख्खा झालोय. तुझी आई म्हणते, एकदा तरी रडा. आता रडू काय नळाला येतं, की तोटी फिरवली अन् आलं.

परवाच्या रविवारी मी अश्विनची सायकल चालवली. हे कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या दोघांच्या सायकली मागच्या खोलीत भिंतीला लावून होत्या, तुझी निळी अन् त्याची ती वाकड्या हँडलची, जाड टायरची. सीट माझ्यासाठी फार उंच. तुझी जुनी नेलपॉलिशची बाटली कपाटात सापडली. सीट होती तिथं आधी दांड्यावर लाल रेघ मारली, मगच दोन बोटं खाली घेतली. म्हणजे परत जागच्या जागी नेता येईल. सायकल खुशालरावांच्या संत्र्याच्या पिकअपमध्ये टाकली. ते शेतावर निघाले होते, हिवरखेडच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला मला सोडून गेले. काय, कशाला, काही विचारलं नाही त्यांनी. शेजारी चांगला आहे आपला.

नदीच्या दरीतला तो मुरमाचा रस्ता तुला माहीत आहे. त्याच्यासाठीच तर तुम्ही दोघं त्या दिवशी निघाले होते. रविवारी सकाळी तिथं फक्त सायकल सोडतात. नाक्यावर मोतीराम वनरक्षक आहे, वीस वर्षं माझ्या बसनं आलागेला माणूस. त्यानं मला ओळखलं अन् सायकलही ओळखली. अश्विन त्याच्याकडं दोनदा चौकशी करून गेला होता म्हणे. मोतीरामनं नाव लिहायला वही पुढं केली. मग नियम सांगितले. कचरा टाकायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही अन् घंटी वाजवायची नाही, जनावर बिथरते. मी म्हटलं, मंग समोरच्याले कळन कसं? तो म्हणाला, तोंड हाय ना साहेब.

अकरा किलोमीटर गेलो मी. दोन्ही अंगाला काळे कडे सरळ उभे, खाली नदी, पाणी थोडं पण चालू. सागाची पानं गळून पडलेली. चाकाखाली मुरूम करकर वाजतो, तेवढाच आवाज. अश्विन म्हणायचा, बाबा, तिथं मागं पाहायची गरजच नाही. मी मात्र दर मिनिटाला मागं पाहत होतो. दरी सुंदर आहे, एवढं मला दिसलं. डोळ्यांना दिसलं, आत काही पोचलं नाही. गुडघे दुखले तेवढं समजलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. घरातला तो कायदा माझाच. तुम्ही चौथी-पाचवीत सायकल शिकले तेव्हा मीच सांगितलं होतं, मागून हॉर्न आला की डांबर सोडायचं, साइडपट्टीवर उतरायचं, गाडी पूर्ण पुढं जाईपर्यंत वर यायचं नाही. पाठच करून घेतलं होतं तुमच्याकडून. मला विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला तेव्हा डेपोत भाषणातही मी हेच सांगितलं अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्धा अकोट तालुका मी हॉर्न मारून डांबराखाली उतरवला असेल. अश्विन गुणी पोरगं, तीस वर्षांचा झाला तरी उतरायचा. तू लहानपणापासूनच उतरायची नाही. डांबर काय ट्रकवाल्याच्या बापाचं आहे का, असं म्हणायची अन् माझा धपाटा खायची.

त्या सकाळी हिवरखेडच्या अलीकडं मागून ट्रकनं दोन हॉर्न दिले. पुढं तू, मागं तो. तू डांबरावरच राहिली. तो उतरला. त्यानंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात, तुझ्या हाताला अजून त्याचं रक्त होतं, तेव्हा मी तुला एकच वाक्य बोललो. तू काहून नाही उतरली? तू माझ्याकडं पाहिलं, नळावर जाऊन हात धुतले अन् त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. तुझा दोष नाही. त्या वाक्यानंतर बोलण्यासारखं काही उरतच नाही.

परत येताना त्या दरीत मागून दोन मुली आल्या, अकोल्याच्या, कॉलेजातल्या असाव्यात. त्यांचा आवाज आलाच नाही. एक जवळ येऊन हळूच म्हणाली, काका, बाजूनं जाऊन राहिलो आमी. बस. माझ्या हातानं हँडल आपोआप डावीकडं वळवलं. रस्ता सोडला, चाक मऊ मातीत रुतलं अन् मी गवतात आडवा. लागलं नाही, कोपर खरचटलं. पोरी घाबरून थांबल्या, सायकल उचलली, पाणी दिलं. मग त्यातली मोठी म्हणाली, काका, तुमी काहून उतरले? केवढा रस्ता पडला हाय.  तिथंच एका दगडावर बसलो. हात पाय कापत होते अन् ते कापणं माझंच आहे, हे चौदा महिन्यांत पहिल्यांदा समजलं. पोरी बिचाऱ्या अर्धा तास थांबल्या.

भावना, हे पत्र दरीचं वर्णन करायला लिहिलं नाही. तुला जे माहीत नाही ते सांगायला लिहिलं. त्या दिवशी दवाखान्यात यायच्या आधी मी जागेवर जाऊन आलो होतो. फोन आला तसा खुशालरावांना घेऊन सरळ तिकडं गेलो, तोवर तुम्हाला ॲम्ब्युलन्सनं नेलं होतं. टायरचे माग वाचणं हा माझा धंदा. ट्रकनं तुम्हाला पाहून गाडी आधीच उजवीकडं काढली होती, चार हात जागा सोडली होती. डांबराची कड वीतभर तुटलेली, खाली आदल्या दिवशीच्या पावसानं काळी माती ओली. तिच्यात अश्विनच्या चाकाचा एकच माग, अन् तिथून तो डांबराकडं उलटला, ट्रकच्या मागच्या चाकाखाली. तो उतरला नसता तर आज असता. तुझ्यासारखाच असता. हे सगळं मला कळलं होतं, पोरी. कळलेलं असतानाच मी तुला विचारलं. जो प्रश्न मी स्वतःला विचारायचा होता तो तुझ्या अंगावर टाकला अन् चौदा महिने तिथंच राहू दिला. तू उतरली नाही हे बरोबर केलं. तू उतरली नाही म्हणून माझं एक लेकरू घरी यायचं बाकी आहे. येत्या रविवारी पहाटेच्या बसनं ये. तुझ्या निळ्या सायकलीत हवा भरून ठेवली आहे, दोन्ही सायकली खुशालरावांच्या पिकअपमध्ये नेऊ, डांबरावर पाय ठेवायचं काम नाही. अश्विनची सीट रेघेवर नेऊन ठेवतो, त्याची सायकल तू चालव, तुझे पाय पुरतात. निळी मी घेतो. पुढं तू राहा. अन् मागून मी जरी आवाज दिला, तरी उतरू नको.

तुझाच,
बाबा