आठ वर्षांची गॅरंटी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकले. उरलेला उधार समज.)

पपांची गाडी ढकलायला आपण दोघी रोज सकाळी गल्लीच्या उतारावर उभ्या राहायचो, ते चित्र आज सकाळपासून डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझ्या दोन घट्ट वेण्या, माझा एकच बूट पॉलिश केलेला (दुसऱ्याची पाळी येईपर्यंत पपा हॉर्न वाजवू लागायचे), पाठीवर दप्तरं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून पपांचा आरडाओरडा, "जोर लावा पोरींनो, दूध पिऊन आलात ना?" गाडी गचके देत, खोकत एकदाची सुरू झाली की आपण पळत जाऊन चालत्या गाडीत उड्या मारायच्या, कारण थांबवली तर पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या फाटकाशी मदर सुपिरिअर उभ्या असायच्या. त्या आधी आपले बूट बघायच्या, मग काळे झालेले तळहात, आणि एक अक्षर न बोलता स्वतःचा पांढराशुभ्र रुमाल पुढे करायच्या. त्या रुमालाला हात पुसण्यापेक्षा छडी बरी, असं तू म्हणायचीस. गाडीचा आवाज वरच्या वर्गापर्यंत ऐकू जायचा आणि सगळ्या पोरी खिदळायच्या. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज तो आवाज कुणी ऐकवला तर मी दोन्ही बूट पॉलिश करून उभी राहीन.

तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की फिजिओथेरपीच्या बाईला चहा पाजून गप्पांत वेळ काढतेस? भावोजी गेल्यापासून तू फोनवर "मी मजेत" एवढंच सांगतेस, आणि मदर सुपिरिअरसमोर सांगायचीस त्याच आवाजात सांगतेस, म्हणून विचारते.

तर आठवणींचा हा पेटारा उघडायचं कारण असं, की आमची लाल गाडी गेली.

तुला सगळं ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचणार नाही. आम्ही देश सोडून इकडे आलो त्या वर्षी ह्यांनी ती जुनी गाडी घेतली आणि तिच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "ही चालेल तोवर इथे. मोडली की बाडबिस्तरा गुंडाळायचा आणि घरी." त्या एका वाक्यावर मी इथे आजवर संसार केला. म्हणून आमच्याकडे अजून तोच सोफा आहे, ज्यावर बसलं की माणूस आत जातो आणि त्याला दोघांनी ओढून काढावं लागतं (जायचंच आहे तर नवा कशाला?). म्हणून अंगणात एक झाड नाही, सगळं कुंड्यांत. झाड लावलं तर त्याला सोडून कसं जाणार? तू दर फोनला विचारायचीस, "कधी येताय कायमचे?" आणि मी म्हणायचे, "गाडी अजून चालतेय गं." गाडीही काही कमी वस्ताद नव्हती. तिचा क्लच बदलला, रेडिएटर बदलला, एक दार दुसऱ्याच कुठल्या तरी हिरव्या गाडीचं आणून बसवलं, तरी ती आपली चालतेय.

मागच्या महिन्यात बाजारातून येताना चढावर तिने एक लांब सुस्कारा सोडला आणि थांबली. गॅरेजवाला तिच्या पोटाखालून बाहेर आला, हात पुसत आमच्यापुढे उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. आम्ही काय ते समजलो. हे बराच वेळ हिरव्या दाराला टेकून उभे होते. मी मात्र (देव मला क्षमा करो) घरी आल्या आल्या माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतल्या. एक पुसून झाली, दुसरीच्या चाकात अडकलेले केस काढत होते, तेवढ्यात हे आले. हातात गुळगुळीत कागदांची चळत. म्हणाले, "हे बघ, विजेवरची आहे. बॅटरीला आठ वर्षांची गॅरंटी!"

आठ वर्षं, ताई. मी बॅग तशीच आडवी टाकून चहा ठेवायला गेले.

तेव्हापासून आमच्या घरात वादविवाद स्पर्धा चालू आहे. त्यांचे मुद्दे: पेट्रोल नको, ऑइल नको, इंजिनच नाही तर बिघडणार काय? धूर नाही, म्हणजे नातीच्या फुप्फुसांचं कल्याण. माझे मुद्दे तितके शास्त्रीय नाहीत. ज्या गाडीला धक्का मारून सुरू करता येत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? शिवाय ती रोज जेवायला मागते, आणि तेही सावकाश, घरात आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखी. लेक म्हणते, "मम्मी, तू फोन नाही का चार्ज करत?" मी म्हटलं, "फोन बंद पडला तर मी फोनसकट रस्त्यात उभी राहत नाही." आणि तो आवाज नसणं! लाल गाडी कोपऱ्यावर वळली की मला स्वयंपाकघरात कळायचं. तिथून ती दारात येईपर्यंत आधण उकळायचं. (एवढ्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नाही, की चहा दर वेळी तयार कसा असतो. पुरुषांना वाटतं चहा आपोआप होतो.) ही नवी म्हणजे आपल्या मदर सुपिरिअर. पावलांचा आवाज नाही, चाहूल नाही, मागे वळून बघावं तर उभ्या!

शेवटी शोरूमवाल्यांनी गाडी दोन दिवस वापरून बघायला दिली. आम्ही ठरवलं की लेकीच्या गावी जाऊन यायचं. निघताना हे पंधरा-वीस वेळा बटण दाबत बसले. शोरूममधली मुलगी बिचारी काचेवर टकटक करून सांगत होती की गाडी सुरूच आहे. मग ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती आपोआप थांबते, त्यामुळे पहिले दोन चौक आम्ही दोघं कीर्तनात बसल्यासारखे माना डोलावत गेलो. जरा डावीकडे सरकलं की ती टुकटुक करते. जरा जास्त वेळ चालवलं की पडद्यावर कॉफीचा कप दाखवून विश्रांती घ्या म्हणते. हे काम आजवर मी करत होते आणि मला बोलणी खावी लागायची. तिचं मात्र ह्यांनी निमूट ऐकलं.

बाहेर कडाक्याची थंडी. हीटर लावला तर पडद्यावरचे उरलेले मैल पाण्यासारखे वाहून जाऊ लागले, तेव्हा ह्यांनी हीटर बंद केला. पर्यावरणाचं रक्षण करत आम्ही दोघं कानटोप्या, मफलर आणि एकाच घोंगडीत चाललो होतो. असं एका घोंगडीत आम्ही लग्नानंतरसुद्धा कधी बसलो नव्हतो (तेव्हा सासूबाई मध्ये असायच्या). अर्ध्या वाटेवर आकड्याने मान टाकली म्हणून एका फर्निचरच्या दुकानामागे चार्जिंगला वळलो. दोन खांब, एक बिघडलेला, दुसऱ्यावर रांग. आमचा नंबर लागला तेव्हा फोनमधलं ते ॲप पासवर्ड मागू लागलं. ह्यांनी आपल्या पाळण्यातल्या नावापासून सगळी नावं घालून पाहिली. शेवटी मागच्या गाडीतल्या आजीबाईंनी येऊन स्वतःचं कार्ड लावून दिलं आणि परत आपल्या गाडीत जाऊन बसल्या.

आणि मग, ताई, तास-दीड तास आम्ही तिथे नुसते बसलो. इंजिनचा आवाज नाही, रस्ता नाही, करायला काही नाही. समोर दुकानाच्या मागच्या काचेतून ओळीने मांडलेले नवे कोरे सोफे दिसत होते. अशा शांततेत नवरा-बायकोने बसू नये. खरं बोललं जातं.

मी म्हटलं, "आठ वर्षांनी तुम्ही किती वर्षांचे व्हाल?"

"तेव्हाही बॅटरी सत्तर टक्के राहते म्हणे."

"मी तुमचं विचारतेय."

"मी आत्ताच सत्तर टक्के नाही."

मला हसू आलं, पण मी ते मफलरमध्ये दाबलं. म्हटलं, "आणि परत जायचं?"

ते पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ या. ही नको घ्यायला. पुढच्या महिन्याची तिकिटं बघतो."

इतकं सरळ सांगितलं, गं. मला वाटलं होतं भांडण होईल. मी भांडणाची तयारी करून बसले होते, चहा करताना पोळलेल्या बोटापासून सासूबाईंपर्यंत सगळे मुद्दे ओळीने लावून. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"पुढच्या महिन्यात माझं दाताचं अर्धवट राहिलेलं काम आहे."

"मग त्याच्या पुढच्या."

"त्याच्या पुढच्या महिन्यात नातीचं नाटक आहे. ती झाड झालीय."

"मग नाटक झाल्यावर."

"तेव्हा थंडी सरते, कुंड्या बाहेर काढायची वेळ येते हो. कोण काढणार?"

ते जिंकल्यासारखे हसले नाहीत, एवढं मात्र मला लिहायलाच हवं. घोंगडीचं टोक माझ्या गुडघ्यावर नीट खोचलं आणि बाहेर जाऊन वायर काढून आले. मी काचेतून सोफे बघत बसले. ताई, मला इतकी वर्षं वाटत होतं की मला गाडीने अडवून ठेवलंय. डोळे पुसायला पिशवीत रुमाल शोधला, तर हाताला लागली दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी.

लेकीकडे पोचलो तेव्हा नात धावत येऊन गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "आजी, ही श्वास घेत नाही?" मी म्हटलं, "घेते, आपल्याला ऐकू येत नाही."

असो. तर घ्यावी की न घ्यावी, तुझा सल्ला सविस्तर कळव. तू मोठी आहेस, आणि मी तुझ्या शब्दाबाहेर कधी गेले नाही.

तुझी,
शेपूट

ता. क. गाडी मंगळवारीच दारात आली. लाल नव्हती, राखाडी घेतली. तरी सल्ला कळव.

दुसरा ता. क. हे लिहायला मी तीन दिवस लावले, आता लिहूनच टाकते. तुझ्याकडची ती मागची खोली मोकळी कर. आम्ही येणार म्हणून तू तिला कुलूप लावून बसलीस, कुणाला भाड्याने दिली नाहीस, आणि भावोजींच्या आजारपणात स्वतः हॉलमध्ये झोपलीस, हे मला भाच्याकडून कळलं. आता तिथे एखादी कॉलेजची मुलगी ठेव, रात्री-अपरात्री हाकेला होईल. आम्ही येऊ ते पाहुणे म्हणून, आणि हॉलमध्ये आम्ही झोपू. त्या खोलीत ठेवलेल्या आमच्या सामानाचं असं कर: शिलाई मशीन खालच्या मजल्यावर कपडे अल्टर करून देणाऱ्या बाईंना दे, आधी तेल घाल. मोठी पातेली आत्याच्या सुनेला, आमच्या लग्नापासून तिचा त्यांच्यावर डोळा आहे, एकदाची जिंकू दे. दोन्ही गाद्या वॉचमनला. कॅरम भाच्याच्या मुलांना, फक्त त्यांना सांग की खेळताना रडीचा डाव खेळायचा नाही. मी मापं घेऊन शिवलेले पडदे कुठल्याच खिडकीला बसणार नाहीत, कारण ती खिडकी असलेलं घर आम्ही घेतलंच नाही. त्यांच्या तू उशांच्या खोळी कर. मम्मीची शाल तुझीच, ती मुळात माझ्याकडे यायलाच नको होती.

राहिली त्याच न घेतलेल्या घराच्या दारासाठी केलेली पाटी, आमच्या दोघांच्या नावांची, पितळी. ती कुणाला देणार? ती तुझ्या दारावर, तुमच्या पाटीच्या खाली लावून घे. पोस्टमनचा गोंधळ होईल, होऊ दे. सुताराला बोलाव, पण स्क्रू विकत आणू नकोस. पाटीच्या मागे चिकटपट्टीने लावलेले आहेत, ह्यांनी तेव्हाच लावून ठेवले होते.