स्टेफानियाच्या बोटांनी सांगितलेला खेळ

मी, ओरेस्ट मिखाइलो हालुश्चाक, वय एकाहत्तर, राहणार विलो बेंड, सस्कॅचेवान, कॅनडा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. डोळा एकच आहे, तोही अधू झाला आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः भावावर चिडून लिहिलेलं.

कलम १. घर, गाडी आणि बँकेतली शिल्लक पत्नी स्टेफानिया हिची. घर माझ्या नावावर आहे, पण टिकवलं तिनं.

कलम २. माझे स्केट्स क्वेबेकच्या गाएताँ बोल्द्यूक याला द्यावेत. बर्फावरच्या हॉकीत मी नऊ हंगाम पगारी खेळाडू होतो. दहाव्यात, समोरच्या संघातल्या गाएताँची स्टिक वर आली आणि माझा डावा डोळा गेला. वीस वर्षं मी त्याच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. शेवटी तोच दारात येऊन उभा राहिला.

"मुद्दाम मारलीस?" मी विचारलं.

"स्टिक मुद्दाम उचलली. डोळा फोडायचा नव्हता. खोटंच बोलायचं असतं तर एवढ्या लांब कशाला आलो असतो?"

स्टेफानियानं त्याला पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या. तो तीन दिवस राहिला. ते वैर त्याच दिवसांत संपलं.

कलम ३. ही कबुली आहे. डोळा गेल्यावर गावच्या रेडिओनं मला सामन्यांचं वर्णन करायला बसवलं. या खेळात चेंडूऐवजी छोटी काळी चकती असते; पलीकडच्या कडेला गेली की ती मला धड दिसेना. पहिल्याच सामन्यात गोल भलत्याच्या नावावर सांगितला. दुसऱ्या सामन्यापासून स्टेफानिया शेजारी बसली आणि खेळाडूचा क्रमांक माझ्या तळहातावर बोटानं लिहू लागली. अडतीस वर्षं लोक म्हणाले, "ओरेस्टला एका डोळ्यानं दोघांएवढं दिसतं!" मी नुसता हसलो. तिचं नाव एकदाही घेतलं नाही.

कलम ४. गेल्या नोव्हेंबरात, ऐन सामन्यात, उरलेल्या डोळ्यापुढे धुकं आलं. मी माईक तिच्याकडे सरकवला.

"वेडा झालास का? लोक ऐकताहेत!" ती कुजबुजली. तेही गावानं ऐकलं.

"मग सांग त्यांना, चकती कुणाकडे आहे."

"सतरा नंबरकडे. आणि हा मुलगा आता आपटणार... आपटलाच बघ!"

त्यानंतरही रेडिओवाले माझ्या जागी बाहेरचा माणूस आणणार होते. स्टेफानियाही म्हणाली, "म्हातारीचं कोण ऐकणार?" मी मॅनेजरला कलम तीन वाचून दाखवलं. त्यानं लगेच त्या माणसाला फोन करून नकार कळवला. सबब माझे हेडफोन, नोंदींच्या अडतीस वह्या आणि माझी जागा स्टेफानियाला.

कलम ५. कलम चार माझ्या मरणासाठी थांबणार नाही. ते येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता लागू होईल. मी घरी रेडिओ लावून बसेन. स्वयंपाकही मीच करून ठेवेन. बिघडला तर तिनं तो माईकवर सांगू नये.

विलो बेंड, १४ जानेवारी २०१९
(सही) ओरेस्ट हालुश्चाक

आम्हा दोघांदेखत त्यांनी वाचून सही केली. वाचताना दोनदा थांबले, पण एक शब्दही बदलला नाही.
साक्षीदार: डॉ. इंग्रिड सोल्बर्ग
साक्षीदार: वेन पेल्टियर, मैदानाचा बर्फ राखणारा