डावीकडे पाच मिलिमीटर

२ नोव्हेंबर, रविवार
निर्मलाने आज जाहीर केलं. "या गाडीत आता मी बसणार नाही जी. माझी पाठ आहे, पाटा नाही."
अमीनाबादहून घरी विकास नगरला येताना तीन स्पीडब्रेकर आणि एक खड्डा. प्रत्येक वेळी गाडीने खालून लाथ मारली. शेवटच्याला तिने डोळे मिटले आणि दार घट्ट धरलं. दुखतंय असं ती कधी म्हणत नाही, दार धरते. एकतीस वर्षांत एवढं तरी कळलं.
दोनच सीटची गाडी, उघड्या टपाची. नि. बसणार नाही तर डावीकडे काय छत्री ठेवू?

४ नोव्हें., मंगळवार
दुपारी गच्चीवर उन्हात पडलो होतो. भूगर्भ खात्यातून रिटायर झाल्यापासून हा एक छंद लागलाय.
श्रावस्ती आठवली. गाडी घेतली त्याच हिवाळ्यात गेलो होतो, एकोणीस वर्षं झाली. टप उघडं. दोन्ही बाजूंना मोहरी, मग मोहरीही दिसेना, नुसतं धुकं, आणि ते गाडीत येऊन आमच्या मधे बसलेलं. नि.च्या पापण्यांवर थेंब. लाल मफलर. बुद्धाच्या जेतवनात ती तासभर एका झाडाखाली बसून राहिली. परतताना एवढंच म्हणाली, "पाण्यातून चाललोय असं वाटते."
तेव्हा शॉकर नवे होते.
डोळा लागला, तर परत तिथेच. उठलो तेव्हा ऊन सरकून गेलं होतं, पाय गार पडले होते. ठरवलं. गाडी खालून नवी करायची आणि नि.ला एकदा पुन्हा पाण्यातून न्यायचं. दुसरं काही नको.

७ नोव्हें., शुक्रवार
निशातगंजच्या गल्लीत शकील मिस्त्रींकडे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. पान तोंडात, पण बोलण्यात अदब. त्यांनी बॉनेट दोन्ही हातांनी दाबून सोडलं आणि गाडी किती वेळा डुलते ते मोजलं. एक, दो, तीन, चार. "जनाब, यह गाड़ी नहीं, झूला है।"
शॉकर गेलेत. चाकांच्या सांध्यांतल्या बुशांचं रबर म्हणे पत्थर झालंय. आयुष्य दगडात गेलेल्या माणसाला हे सांगतात! एकोणीस वर्षांत कशाचा दगड होत नाही, म्हटलं. त्यांनी एक बुश हातात दिला. झाला होता.
"नीची कर दूँ? सख़्त स्प्रिंग, एकदम स्पोर्टी?"
म्हटलं, बायकोची पाठ.
ते म्हणाले, "फिर तो नवाबी चाल रखेंगे।"
रात्री जेवताना सांगितलं. नि. म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड." पुण्याहून लेकीचा, रेणूचा फोन. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "पापा, बेच दो ना यार उस खटारा को।" फोन नि.कडे दिला.

११ नोव्हें., मंगळवार
थंडी सुरू. नि.ने मरून स्वेटर काढला. खांद्यावरून उतरतोय. "धुऊन धुऊन लोकर वाढली," म्हणते. लोकर आटते हे ऐकलं होतं, वाढते हे नवीनच.
गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टांगलेली, चाकं काढलेली. बघवत नाही.

१५ नोव्हें., शनिवार
सामान आलं. शॉकरला एक चकती आहे, फिरवली की घट्ट-सैल, बारा टप्पे. अर्धा तास नुसती फिरवत बसलो. टक् टक्.
आज तोंडात मारल्यासारखं झालं. बुशाचे बोल्ट लागले होते, पाना हाताशी होता, म्हटलं आपणही हातभार लावावा. मिस्त्रींनी मनगटच धरलं. "हवा में नहीं कसते, जनाब!" चाक लोंबत असताना कसलं की रबर त्याच जागी पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की बिचारं जन्मभर पिळलेलंच. आधी चाकं टेकवायची, मग कसायचं.
एवढ्यावर भागत नाही. त्यांच्या वडिलांची रीत: जो बसणार त्याचं वजन आधी सीटवर ठेवायचं. माणूस नसेल तर बोरी, म्हणजे पोतं.
"बेगम साहिबा का वज़न?"
"बासठ." फाडकन सांगितलं. मागच्या वर्षीच्या तपासणीच्या कार्डावर आहे. घरातला काटा दसऱ्यापासून बंद, सेलच सापडत नाही. पण आकडे माझ्या डोक्यात असतात.

१८ नोव्हें., मंगळवार
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. उजवीकडे मी स्वतः, डावीकडे गव्हाची पन्नासची बोरी. वर पिशवीतून थोडा थोडा गहू ओतत बासष्टपर्यंत. मिस्त्री म्हणाले एकदम ठेवा की. छे! दर तीन किलोंनी त्यांना चाकावरची फट स्टीलच्या पट्टीने मोजायला लावली. तीन किलोला डावी बाजू एक मिमी बसते. बरोब्बर. बासष्टला दोन्ही बाजू समान. त्यावर मिस्त्रींनी सगळे बोल्ट कसले. मला उगाच भरून आलं.
बोरीला बेल्ट लावून घरी आणली. सिग्नलवर एक रिक्षावाला बघून सलाम ठोकून गेला. बोरीशी दोन शब्द बोललो बहुतेक. गाडी खरंच वाहत होती.
नि. गेटवर हसत सुटली. "माझ्या जागी कोणाले बसवून आणलं जी?"
चल, एक चक्कर. "आज नाही. भाजी चुलीवर आहे."

२० नोव्हें., गुरुवार
नि. चकरेला येत नाही. काल डोकं दुखत होतं. आज शेजारी जायचंय. दुपारी पाहिलं तर झोपलेली, स्वेटर अंगावर. अर्धी पोळी तशीच ताटात.
माझ्यावर रुसली की काय? पैशांवरून? विचारायला हवं. विचारलं नाही.

२३ नोव्हें., रविवार
आज बसली. लाल मफलर काढला होता. मीही मागच्या जन्मातलं जॅकेट घातलं.
निघायच्या आधी सवयीने पट्टी लावली. मी उजवीकडे बसल्यावर फट किती राहते ते वहीत होतंच. ती बसल्यावर डावीकडे पाच मिमी जास्त.
टायरची हवा पाहिली. ठीक. पुन्हा मोजलं. पाच. तिला उतरवून परत बसवलं. "काहून एवढं मोजता जी? ऊन जाईल." पाच.
तीन किलोला एक. पाच त्रिक पंधरा. हा पाढा दुसरीतल्या पोराला येतो.
निघालो. गोमतीच्या काठाने, टप उघडं, कोवळं ऊन, नदीवर धुक्याचा पट्टा तरंगत होता. स्पीडब्रेकर आले आणि गेले, कळलेसुद्धा नाहीत. तिने दार धरलं नाही. हात मांडीवर होते. मधेच डोळे मिटले, पण चेहरा सैल, झोपेतल्यासारखा. पुलावर म्हणाली, "पाण्यातून." हेच ऐकायला तीन आठवडे जीव टाकला होता. ऐकलं, पण शेजारी कोण बसलंय, किती बसलंय, तेच डोक्यात. पूल संपूच नये असंही वाटत होतं.
घरी आल्यावर सेल शोधत तिचा शिवणाचा डबा उघडला. बटणांत काट्याचा सेल.
"मीच काढला," म्हणाली. "आकडा दिसला की तुम्ही वही काढता."
काट्यावर सत्तेचाळीस किलो. तिला माहीत होतं. मला गाडीने सांगितलं.

२४ नोव्हें., सोमवार
भांडलो. एकतीस वर्षांत एवढा आवाज चढवला नव्हता. ती म्हणते आधी श्रावस्ती, मग डॉक्टर. तिच्या आईचंही असंच झालं होतं, आधी अंगातले कपडे सैल, मग दवाखाना, मग त्या दवाखान्यातून घरी आल्याच नाहीत. "एकदा आत गेली की तुम्ही मले गाडीत बसवता काय?"
म्हटलं, मला भीती वाटतेय, निर्मला. हे शब्द तिला पहिल्यांदाच ऐकवले. ती उठली. चहा ठेवला.
मोठा मोजणारा! एकाच छताखाली रोज दोन वेळा समोर बसून जेवतो, आणि लोकर वाढली म्हणे. लाज वाटते.
चहा पिताना कबूल झाली. तपासण्या उद्यापासून. रेणूला ती स्वतः सांगणार.

२७ नोव्हें., गुरुवार
रक्त झालं, सोनोग्राफी झाली, आज एक तुकडा काढून घेतला. रिपोर्ट मंगळवारी. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण फार हळू बोलतात. हळू बोलणाऱ्या डॉक्टरांची धास्ती वाटते.
रेणू सोमवारी येतेय. फोनवर अर्धा वेळ रडली, मग एकदम मराठीत, "आई, जेव ना गं नीट." उच्चार अगदी नि.सारखा.
मिस्त्रींना फोन केला होता. वजन चुकीचं सांगितलं म्हटलं. कारणही सांगितलं. म्हणाले, "ले आइए, जनाब। फिर से खोलकर सही वज़न पर कस देंगे।"

२९ नोव्हें., शनिवार
नि. हट्टाने सोबत आली. गल्लीत ऊन होतं. मिस्त्रींनी तिला आदाब केला, उतरू दिलं नाही, तिथेच चहा दिला. गाडी चाकांवर उभी, ती डावीकडे, मी उजवीकडे. ते खाली सरकले आणि एकेक बोल्ट सैल केला. खालून आवाज आला, "जनाब, कितने पर कसूँ?"
सत्तेचाळीस म्हणायला तोंड उघडलं. वाटलं, एकदा कसलं की ते तसंच राहणार. माझ्या डोक्यात असलं काही येत नाही एरवी.
नि.ने कप माझ्या हातात दिला. "बासठ पर कसिए, भैया."
मिस्त्री बाहेर आले. माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.
"गाडी माझ्यापायी पुन्हा पुन्हा उघडणं नाही होणार," ती म्हणाली. "मी अंगानं भरून येतो."
मिस्त्रींनी शेजारच्या चक्कीवरून पंधरा किलो गहू तोलून आणला. मी म्हटलं बोरी पायाशी ठेवू, पाठ आहे तुझी. ऐकेल तर! मांडीवरच घेतली, दोन्ही हात भोवती, रेणूला घ्यायची तशी. पट्टी लावली. दोन्ही बाजू समान. मिस्त्रींनी कसले बोल्ट.
घरी येताना बोरी मांडीवरच. पुलावर गाडी हळू घेतली. नदी, धुकं, तिचा मफलर. विचारलं, जड होतंय का? म्हणाली, "होऊ दे."
गेटपाशी बोरी उतरवून पुन्हा मोजलं. डावीकडे पाच मिमी भरायचे बाकी. पट्टी गाडीतच ठेवली आहे.